नाईकसाहेबांच्या विहिरी आणि आपल्या जमिनी

१८ ऑगस्ट १९७९ ला माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक सिंगापूरला वारले. पेपरात पानंच्या पानं भरून आली. तालुक्या-तालुक्याला शोकसभा झाल्या. कारखान्याचे चेअरमन बोलले, खरेदी-विक्री संघाचे बोलले, सोसायट्यांचे बोलले. शेतकऱ्यांचा कैवारी गेला, असं सगळ्यांनीच म्हटलं.

मागच्या बैठकीत प्रश्न निघाला की आपल्या पत्रकात यावर काही लिहायचं का. काही सोबती म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, गप्प राहू. काही म्हणाले, अकरा वर्षं या माणसाचं राज्य होतं. आपल्या सात-बाऱ्यावर त्या राज्याची खूण आहे. गप्प कसं राहायचं? आम्हाला हे दुसरं म्हणणं पटलं. शिव्या द्यायला म्हणून आम्ही लिहीत नाही. पुढच्या महिन्यात आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या सुनावण्या आहेत. तिथं जो कायदा आपण हातात धरून उभे राहणार, तो नाईकसाहेबांच्या काळात तयार झाला. आणि तिथं जी अडचण आडवी येणार, तीही त्यांच्याच काळातली आहे. म्हणून हा माणूस नीट समजून घेतला पाहिजे.

आधी त्यांचं मोठेपण सांगू, कारण ते खरं आहे. १ जुलै १९१३ ला यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात गहुलीच्या तांड्यावर त्यांचा जन्म झाला. घर बंजारा नाईकाचं. ज्या समाजाला इंग्रजांनी चोर-गुन्हेगार म्हणून हिणवलं, बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या ज्या लोकांचा धंदा रेल्वेनं बुडवला, त्या समाजाचा मुलगा नागपूरला जाऊन वकील झाला. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्यांनी काही दिवस वकिली केली. हे पंजाबराव पुढं दिल्लीत देशाचे शेतीमंत्री झाले. नाईकांनी मग पुसदला वकिली केली, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ ला जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तिथं ते आधी सहकारमंत्री, मग शेतीमंत्री. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा महसूलमंत्री. कन्नमवार वारल्यावर ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री, ते थेट २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. इतकी वर्षं या राज्यात दुसरा कोणी मुख्यमंत्री टिकलेला नाही. शेवटी १९७७ ला वाशीमहून लोकसभेत गेले. काँग्रेस देशभर आपटली त्या साली ते निवडून आले, हेही सांगितलं पाहिजे.

तांड्यावरचा माणूस मंत्रालयात बसला, तोंडात पाइप धरून कलेक्टरांना हुकूम द्यायला लागला, याचा बंजारा भावांना अभिमान वाटतो. वाटणारच. आपल्यातला एखादा भिल, पावरा, कोकणा, वारली त्या खुर्चीवर बसला असता तर आपणही ढोल वाजवले असते. त्यांच्या अभिमानाला धक्का लावायचं आम्हाला काही कारण नाही. पण त्याच तांड्यांवरची माणसं आज दिवाळी झाली की बैलगाडीत पोरंबाळं घालून ऊसतोडीला निघतात. आपली माणसंही निघतात. कारखान्याच्या फडात बंजारा आणि भिल शेजारी-शेजारी पाल ठोकून राहतात. शेतकऱ्यांच्या मुख्यमंत्र्याचं राज्य अकरा वर्षं चाललं, आणि तरी ही दोन्ही माणसं दुसऱ्याच्या उसाला कोयता लावतायत. तेव्हा शेतकरी म्हणजे नेमका कोण, हे विचारायला पाहिजे.

नाईकसाहेबांना शेती कळत होती, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. मंत्रालयात बसून सुद्धा बियाणं कुठलं, खत किती, पाऊस कुठं पडला, याची चौकशी ते स्वतः करत. १९६५-६६ ला पाऊस गेला. अमेरिकेतून पी. एल. ४८० चं धान्य येत होतं, रेशनला लाल मिलो मिळायचा. त्या वेळी त्यांनी जाहीर सभेत सांगितलं म्हणतात, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत आपल्या पायावर उभा राहिला नाही तर मला फाशी द्या. मग हायब्रीड ज्वारी आली. राहुरी, अकोला, परभणी, दापोली असं करत चार शेती विद्यापीठं झाली. युरिया आला, फवारे आले, गावोगाव ग्रामसेवक हायब्रीडची पिशवी घेऊन फिरायला लागला. ज्याच्याकडे पाणी होतं, खताला पैसा होता, त्याची ज्वारी दुप्पट झाली. हे खोटं नाही, आपण सालदार म्हणून त्याच शेतात राबलोय, कणसं आपल्याच हातानं खुडलीत.

आपल्यातल्या ज्यांनी डोंगरउतारावर हायब्रीड लावून बघितलं, त्यांना वेगळाच अनुभव आला. काढणीला पाऊस आला की कणीस काळं पडायचं. ताट बुटकं, म्हणून बैलाला कडबा कमी. खताचं कर्ज मात्र सोसायटीच्या वहीत राहिलं. बरेच जण परत नागलीकडे, कोदऱ्याकडे वळले. शहाण्यांनी त्याला मागासलेपण म्हटलं. आमच्या मते तो हिशेब होता.

दोन वर्षांची मुदत होऊन गेली. १९७२ ला दुष्काळ पडला, तेव्हा रेशनला परत बाहेरचंच धान्य आणि पोरांना सुकडी. फाशीचं कोणी काढलं नाही. आम्हीही काढत नाही, बोलण्याच्या भरात माणूस असं म्हणतो. उलट त्या दुष्काळात त्यांच्या सरकारनं एक चांगलं काम केलं. मागेल त्याला काम द्यायचं ठरवलं. वि. स. पागे यांनी ती कल्पना आधी तासगाव तालुक्यात करून बघितली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले. मजुरी कमी होती, मुकादम हजेरी खायचे, मोजमापात फसवायचे, ते सगळं आपल्याला माहीत आहे. पण भूकबळीच्या तोंडून लाखो लोक परत आले. पुढं त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा आता आपला हक्क आहे. दुष्काळी कामावरच्या बायांनी आणि गड्यांनी घेराव घातले, मोर्चे काढले, म्हणून ती योजना दुष्काळ संपल्यावर गुंडाळली गेली नाही. पण सही करणाऱ्यांत नाईकसाहेब होते, आणि त्यांनी हात आखडला नाही. हे त्यांच्या नावावर जमा धरू.

त्यांनीच पंचायत राज आणलं, हे शोकसभेत वारंवार सांगितलं गेलं. खरं आहे. महसूलमंत्री असताना त्यांच्याच समितीनं शिफारस केली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. मुंबईची सत्ता तालुक्याला आली. तालुक्याला ती कुणाच्या घरी गेली ते तुम्ही बघताच. जो सोसायटीचा चेअरमन, तोच पंचायत समितीत, त्याचा भाऊ कारखान्यावर, त्याचा जावई भूविकास बँकेवर. शिक्षकाची बदली, तलाठ्याला दम, विहिरीचं कर्ज, बियाण्याची पिशवी, सगळं एकाच ओट्यावर ठरायला लागलं. आधी सावकार नुसता सावकार होता. आता तो सावकार आणि सरकार दोन्ही झाला.

आता विहिरीबद्दल बोलू. आमचं खरं म्हणणं इथं आहे.

नाईकसाहेबांच्या सगळ्या शेतीधोरणाचा पाया पाणी हा होता. धरणं बांधायची, ती होईपर्यंत विहिरी खोदायच्या. विहिरीला कर्ज, इंजिनाला कर्ज, पाइपलाइनला कर्ज, बांधबंदिस्तीला कर्ज. कोरडवाहू मुलखात याला कोण नाही म्हणेल? पण कर्ज माणसाला मिळत नव्हतं, सात-बाऱ्याला मिळत होतं. ज्याच्या नावावर जमीन, त्याला बँक. जितकी जमीन जास्त, तितकं कर्ज जास्त. आणि तापीच्या काळ्या रानात पाणी काढून ऊस-केळी लावता येते हे एकदा कळल्यावर त्या जमिनीची भूक वाढली. जी जमीन आपल्या आज्याच्या काळात कोणी फुकट घेतली नसती, तिच्यावर डोळे गेले. आधी पोतंभर ज्वारी उसनी. मग लग्नाला दोनशे रुपये. मग अंगठा. कुणाचं मुदतखरेदी, कुणाचं साधं खरेदीखत, कुणाला कोर्टाची नोटीस आली तेव्हा कळलं की जमीन गेली. कुणी कुळ म्हणून कसत होता, त्याच्याकडून कुळाचा राजीनामा लिहून घेतला आणि वाचून दाखवला भलताच कागद.

जमीन गेली आणि माणूस तिथंच राहिला, सालदार म्हणून. नव्या मालकानं सरकारी कर्ज काढून त्याच जमिनीत विहीर खोदली. खोदायला कोण होतं? आपणच. आपल्याच बापाच्या शेतात, आपल्याच हातानं, सालाच्या पगारात. सुरुंग लावले, गाळ काढला, दगडं वर ओढली. पाणी लागलं तेव्हा नारळ मालकानं फोडला.

ही एका गावाची गोष्ट नाही. शहादा, तळोदा, नंदुरबार, अक्कलकुवा, कुठंही जा, म्हातारी माणसं अशाच विहिरी दाखवतात.

याच्यावर सरकारनं बरीच वर्षं काही केलं नाही. १ एप्रिल १९५७ ला कुळ मालक झाला, तेव्हा नाईक मुंबई राज्यात मंत्री होते. १९६१ ला त्यांच्याच महसूल खात्याचा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, तेव्हा आदिवासीची जमीन उघडउघड हातची जात होती. त्या कायद्याची मर्यादा तरी केवढी? कोरडवाहूला काही भागांत १२६ एकरांपर्यंत. कारखान्यांच्या मोठ्या जमिनी सरकारनं घेतल्या, पण त्या भूमिहीनाला वाटण्याऐवजी १९६३ ला शेती महामंडळ काढून त्याच्याकडे ठेवल्या. बाकीच्या मोठ्या खातेदारांनी बायको, पोरं, बैल-कुत्र्यांच्या नावानं वाटण्या दाखवल्या. १९७२ ला दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली, तिथं मर्यादा खाली आणायचं ठरलं. त्यावरून इथला कायदा बदलला. आता बारमाही पाण्याला १८ एकर, कोरडवाहूला ५४. पण तो लागू झाला २ ऑक्टोबर १९७५ ला. तीन वर्षं मिळाल्यावर कोणता पाटील कागद तयार करून ठेवणार नाही?

आदिवासीच्या जमिनीचा प्रश्न विधानसभेत आपोआप पोचला नाही. तो शहाद्याहून पोचला. अंबरसिंग सुरतवंती यांनी आधीपासून भिलांना जागं करायचं काम चालवलं होतं. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीचं प्रकरण घडलं, आपल्या माणसाचा जीव गेला. त्याची बातमी मुंबई-पुण्याला गेली. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, ग्रामस्वराज्य समिती झाली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भू-मुक्ती परिषद भरली, हजारो माणसं पायी आली. पाठोपाठ श्रमिक संघटना उभी राहिली. लोकांनी गावोगाव कागद काढायला लावले. कुठली जमीन कुणाची, किती रुपयांत गेली, ते चारचौघांत विचारलं. बऱ्याच ठिकाणी मालकानं मुकाट्यानं जमीन सोडली, कारण चारचौघांत सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. ठाणे जिल्ह्यात पालघर-मनोरकडे भूमिसेनेच्या सोबत्यांनीही असंच केलं. इकडे मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, लाठ्या-बंदुकीवाले रखवालदार ठेवले. पिकाचं संरक्षण म्हणजे आपल्यापासून संरक्षण, हे सांगायला नको.

त्या वेळी नाईकसाहेब मुख्यमंत्री होते. सोसायट्यांचे पुढारी त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी त्या पुढाऱ्यांना आवरलं नाही. आपल्या माणसांवर खटले भरले गेले, तेही त्यांच्याच पोलिसांनी. पण त्याच सरकारनं १९७१ ला आदिवासींच्या जमिनीच्या अडचणींवर समिती नेमली, १९७२ ला तिचा अहवाल आला, आणि त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक, ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. दोन, आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा. नाव १९७४ चं, अंमल १ नोव्हेंबर १९७५ पासून. तोवर नाईकसाहेबांना खुर्ची सोडून आठ महिने झाले होते.

म्हणजे अकरा वर्षांच्या राज्यात आपल्यासाठीचा कायदा शेवटच्या वर्षात आला, आणि अंमल करायची पाळी आली तेव्हा ते नव्हते. काही सोबती म्हणतील, आला तर खरा. हो, आला. आम्ही त्याला कमी लेखत नाही.  १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेली जमीन त्यात येते. खरेदी असो, बक्षीस असो, अदलाबदल असो, गहाण असो, पट्टा असो. कोर्टाच्या हुकमानं गेलेली येते, सरकारी बाकीसाठी लिलावात गेलेली येते. आणि कलेक्टरला अर्ज नसताना स्वतःहून सुद्धा चौकशी सुरू करता येते. हे शेवटचं कलम पाठ करून ठेवा, कारण कचेरीत ते कोणी तुम्हाला सांगणार नाही.

पण याच कायद्यात विहीर आडवी आली आहे.

जमीन परत घेताना आदिवासीनं किंमत द्यायची आहे. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४८ पट. हे आपल्याला झेपतं. आकार ५ रुपये असेल तर २४० रुपये होतात, ते बारा वर्षांच्या हप्त्यांनी द्यायची सोय आहे. वर्षाला २० रुपये आणि वरचं व्याज. इतकं कोणीही मोलमजुरी करून देईल. त्याच्यापुढं मात्र लिहिलंय, अधिक सुधारणांची किंमत. सुधारणा म्हणजे काय? विहीर, इंजिन, पाइपलाइन, बांध, सपाटीकरण. जमिनीचा आकडा शेकड्यात राहतो, सुधारणांचा हजारांत जातो. आपला माणूस तो आकडा ऐकतो आणि घरी जातो. कचेरी लिहिते, अर्जदारास जमिनीत स्वारस्य नाही.

आता सगळं एकत्र धरून बघा. त्यांच्या राज्यात सरकारनं विहिरीसाठी कर्ज दिलं. ते कर्ज आपली जमीन घेणाऱ्याला मिळालं. त्या विहिरीच्या पाण्यावर त्यानं दहा-पंधरा वर्षं पिकं काढली, कर्ज फेडलं, ट्रॅक्टर घेतला. आणि आता जमीन आपली आहे असं सरकारनंच कबूल केल्यावर ती विहीर आपण विकत घ्यायची, जी आपण खोदली. नाईकसाहेबांनी हे ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्या मनात विहीर खोदणारा शेतकरी एक, आणि जमीन गमावलेला आदिवासी दुसरा, अशी दोन वेगळी माणसं असावीत, दोन वेगळ्या खात्यांची. एकाला शेतीखात्यानं मदत करायची, दुसऱ्याला समाजकल्याणनं. ही दोघं एकाच गटनंबरवर उभी आहेत, हे त्या फायलींत कुठं दिसलं नाही. सहकारमंत्री, शेतीमंत्री, महसूलमंत्री अशी तिन्ही खाती सांभाळून मुख्यमंत्री झालेल्या माणसाला ते दिसायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

जंगल-जमिनीबद्दल थोडक्यात लिहितो, स्टेन्सिल संपत आलं आहे. अधिक धान्य पिकवा म्हणून सरकारनं एकसाली प्लॉट दिले. जंगल आपण साफ केलं, धान्य पिकवलं, पट्टा मात्र वर्षाचाच राहिला. फॉरेस्टवाला दर पावसाळ्यात दंड, कोंबडी आणि शिव्या घेऊन येतो. नाईकसाहेबांच्या पूर्ण काळात हा प्रश्न लोंबकळत राहिला. २७ डिसेंबर १९७८ च्या सरकारी ठरावानं ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायची म्हटलं. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहू. तोवर फॉरेस्टच्या दंडाची एकही पावती फाडू नका, हरवू नका. तीच कसत असल्याची साक्ष आहे.

आम्हाला हेही सांगितलं गेलं, की एका माणसाला धरून काय उपयोग, व्यवस्थाच तशी आहे. व्यवस्था तशी आहे हे आम्हालाही कळतं. पण व्यवस्था सही करत नाही, माणूस करतो. रोजगार हमीवर सही केली ती माणसानंच, आणि त्याचं श्रेय आपण आताच दिलं. मग बाकीच्या गोष्टी व्यवस्थेच्या नावावर टाकून कसं चालेल? शिवाय निवडणुका येतच असतात. काँग्रेसवाले नाईकसाहेबांचा फोटो लावून गावात येतील. त्यांचं काम आम्हीच पुढं नेणार, असं सांगतील. तेव्हा कोणतं काम, हे विचारा. जमिनी परत देण्याच्या कायद्यातली सुधारणांच्या किमतीची अट काढणार का, विचारा. ज्या विहिरीचं कर्ज पिकातून फिटलं, तिची किंमत आदिवासीकडून घेणार नाही असं लिहून देणार का, विचारा. सभेत विचारा, माईकसमोर.

सुनावणीबद्दल. ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी दुपारी संघटनेच्या ओट्यावर यायचं आहे. बरोबर १९५७ च्या आधीपासूनचा सात-बारा आणि फेरफाराच्या नकला आणा. नसतील तर तलाठ्याकडे लेखी मागा, तोंडी मागू नका. पीकपाण्याच्या रकान्यात कोणत्या सालापासून विहीर दाखवली आहे ते बघू. विहिरीचं कर्ज कुणाच्या नावानं, केव्हा निघालं, केव्हा फिटलं, याचा उतारा भूविकास बँकेकडून मागायचा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर सही किंवा अंगठा करायचा. आणि ज्यांनी त्या विहिरीवर काम केलं, त्या म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा. सालदारीची किती वर्षं, पगार किती, सुरुंग कोणी लावला, हे त्यांच्या तोंडून जबाबात लिहून घ्यायला लावू. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. सुनावणीच्या दिवशी गावातल्या बायांनी सुद्धा यायचं आहे, कारण बऱ्याच ठिकाणी गाळ त्यांनी उपसला आहे आणि साक्ष त्यांचीच खणखणीत होते. भाकरी बांधून आणा, तारीख पडली तर दुसऱ्या दिवशीही थांबावं लागेल.